पहिली टाळी

सिनेमा लोकांसमोर यायच्या आधी तो पंधरा-वीस अनोळखी माणसांना फुकट दाखवायचा आणि मग त्यांना एका खोलीत बसवून मतं विचारायची, हे माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. न विचारता मत द्यायला प्रत्येकाला आवडतं, पण समोर बसवून विचारलं की भल्याभल्यांची वाचा बसते. मग 'छान होता' म्हणतात. 'छान होता' म्हणजे झोप आली. 'वेगळा होता' म्हणजे कळला नाही. आणि 'एकदा बघायला हरकत नाही' असं कुणी म्हणालं की निर्मात्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

म्हणून आमच्या धंद्यात तोंडापेक्षा अंगावर जास्त विश्वास. मी सगळ्यात मागे बसते आणि डोक्यांच्या पाठीमागच्या बाजू बघते. कोण चुळबुळ करतं, कोण फोन काढतं, कोण ऐन मारामारीत लघवीला जातं. पडद्याखाली एक कॅमेरा प्रेक्षकांकडे तोंड करून असतो, त्याला अंधारातही दिसतं. नंतर आम्ही एका बाजूला सिनेमा आणि दुसऱ्या बाजूला प्रेक्षक असं जोडीनं बघतो. कॅमेरा आहे हे लोकांना आधी सांगतो. पाच मिनिटांत विसरतात.

इतकी वर्षं पाठमोरी डोकी बघून मी एक शहाणपण कमावलं होतं. सुडाचा सिनेमा बघायला माणूस दातओठ खात येतो आणि बाहेर पडताना जेवायला कुठं जायचं ते विचारतो. पडद्यावरचा कुणीतरी त्याच्या वतीनं चार मुडदे पाडतो, याचा राग ओसरतो, पोटात भूक लागते. हे मी इतक्यांदा पाहिलं होतं की मला ते औषधच वाटायला लागलं. आणि ते मी माझ्या सख्ख्या भावाला पाजलं.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. शांत माणूस. त्याची एकुलती एक मुलगी, आमची भिंगरी, दोन वर्षांपूर्वी गेली. नशेच्या गोळ्या घेऊन. त्या कसल्या होत्या ते डॉक्टरांनी सांगितलं, पण ते लांबलचक नाव मी लक्षात ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही. त्या संध्याकाळी तिच्याबरोबर एकच जण होता. दादाच्या समोरच्या दारात राहणारा मुलगा. दोघं एका वयाचे, एकत्र वाढलेले. लहानपणी तो तिच्या मागे मागे फिरायचा म्हणून आम्ही सगळे त्याला शेपूट म्हणायचो. गोळ्या त्यानं आणल्या होत्या. विकणारा सापडला नाही, त्याच्या वरचे तर कुणी बघितलेसुद्धा नाहीत. सापडला तो शेपूट, तोही बेशुद्ध. तो वाचला आणि त्याला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवलं. ती गेली.

आता तो परत आला होता. समोरच्याच दारात.

"ताई, मला यांचं काही खरं वाटत नाही," वहिनीनं फोनवर सांगितलं. "दुपारची ड्युटी बदलून घेतली. तो फिरायला बाहेर पडतो ना, त्या वेळेला घरी असतात. दाराच्या भोकातून बघत उभे राहतात. आणि बुटांच्या कपाटात मोठा पाना आणून ठेवलाय."

"अगं, लिफ्टवाल्याच्या घरात पाना नाही तर काय तबला असणार?" मी म्हणाले.

"हत्यारांची पिशवी बाल्कनीत असते, ताई. कायम. पाना एकटाच बुटांत का आला?"

दादाशी बोलायचा प्रयत्न माझा आधीच करून झाला होता. भिंगरीचं नाव काढलं की तो उठून नळाचा वॉशर बदलायला जायचा. त्या घरातला एकही नळ दोन वर्षांत गळला नव्हता.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो सिनेमा माझ्याकडे आला. एक बाप. अमली पदार्थांच्या टोळीमुळे त्याची मुलगी मरते. मग बाप आधी पुड्या पोचवणाऱ्या पोराला धरतो, त्याच्याकडून त्याच्या वरचा, त्याच्या वरचा असं करत थेट टोळीच्या म्होरक्यापर्यंत पोचतो, आणि वाटेत सगळ्यांना आडवं करतो. मला वाटलं, देवानंच पाठवला. दादानं हा बघावा, मनातल्या मनात त्या पोराला एकदा मारून टाकावं, सँडविच खावं आणि घरी जाऊन झोपावं. नातेवाइकांना प्रेक्षक म्हणून बसवायचं नाही असा आमचा कडक नियम आहे. मी तो बासनात गुंडाळला आणि दादाला फोन केला.

"मारामारीचा आहे," मी म्हणाले. "एक माणूस कमी पडतोय. येशील?"

"कशाबद्दल आहे?"

मी सांगितलं. खोटं बोलले नाही.

त्यानं शनिवारची वेळ विचारली. मग म्हणाला, "येतो."

शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. मी ओळख दाखवली नाही, त्यानंही नाही. तिसऱ्या रांगेत मधोमध बसला. मी मागून त्याचं डोकं बघत होते. मागचे केस किती पांढरे झालेत ते मला पहिल्यांदाच दिसलं.

पुड्या पोचवणाऱ्या पोराचा प्रसंग अर्ध्या तासातच येतो. बाप त्याला एका बंद गॅरेजमध्ये गाठतो. पोरगा गुडघ्यावर बसलेला, नाकातून रक्त. हात जोडून म्हणतो, "साहेब, ऐका ना, ती त्या दिवशी मला म्हणाली की..." आणि बाप गोळी घालतो. वाक्य अर्धंच राहतं. अंधारात कडाडून टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा आली. शेजारी बसलेल्या दिग्दर्शकानं माझा हात दाबला. मी वहीत 'टाळ्या, जोरात' असं लिहिलं आणि दादाच्या डोक्याकडे पाहिलं. खांदे सैल झाल्यासारखे वाटले. औषध लागू पडलं, असं मला वाटलं.

सिनेमानंतर सगळ्यांना खोलीत बसवलं. दिग्दर्शक कोपऱ्यात, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. निदान त्याचा तसा समज होता.

"हिरोची पाठ जबरदस्त आहे," व्यायामशाळेत शिकवणारा म्हणाला. "नुसत्या वजनानं होत नाही तशी."

दाताचे डॉक्टर म्हणाले, "बुक्कीनं समोरचे दोन दात पडतील, मान्य. दाढ कशी पडेल?"

"म्होरक्या फार लवकर मेला," नवीन लग्न झालेला एक जण म्हणाला. त्याची बायको सगळा वेळ त्याच्या बाहीत तोंड खुपसून होती. तिला विचारलं तर म्हणाली, "मला आवाज आवडले नाहीत. हाडांचे." नवरा हसला. ती हसली नाही.

"पण बरोबर केलं त्यानं," बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले. "कोर्टात काय होतं? तारखा. आपण म्हातारे होतो, ते सुटतात. निदान सिनेमात तरी हिशेब चुकता झाला."

"सगळ्यांचा झाला हो," एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या म्हणाल्या. "पण तो पुड्या पोचवणारा? तो कसला टोळीवाला? स्वतःच नशेत होता. उद्या म्होरक्याला दहा तसे मिळतील."

"बाई, त्यानंच दिल्या ना पण तिला? साखळी तिथूनच सुरू होते."

"तिथं संपते," बाई म्हणाल्या. "सुरू वरून होते."

"मग काय सोडून द्यायचं? उद्या तुमच्या घरात झालं तर?"

यावर बाई गप्प झाल्या. 'तुमच्या घरात झालं तर' म्हटलं की कोणीही गप्प होतं. ज्याच्या घरात झालं होतं तो माझ्या उजव्या हाताला बसून कागदी कपाची कडा सोलत होता.

शेवटी मी नेहमीचा प्रश्न विचारला. काही कळलं नाही, काही राहून गेल्यासारखं वाटलं, असं काही आहे का?

दादानं शाळेत करतात तसा हात वर केला. "तो पोरगा काय सांगणार होता?"

"कुठला?"

"गॅरेजमधला. ती त्या दिवशी मला म्हणाली की. काय म्हणाली?"

खोलीत थोडा हशा पिकला. "काका, जीव वाचवायला काहीतरी थाप मारणार होता," व्यायामशाळावाला म्हणाला. "तो काय म्हणणार?"

"ती काय म्हणाली, ते विचारतोय मी," दादा म्हणाला. मग त्यानं सरळ कोपऱ्याकडे बघितलं. "साहेब, तुम्ही बनवलाय ना हा? काय होतं पुढं?"

दिग्दर्शक गोंधळला. "पुढं काही नाही. म्हणजे लिहिलेलंच नाही. तिथं गोळी सुटते."

"लिहिलेलंच नाही," दादा म्हणाला आणि मान हलवली. एखादा सुटा भाग बाजारात मिळत नाही असं सांगितल्यावर हलवतो, तशी.

बाहेर त्यानं दोन सँडविच खाल्ली. दोन! मी जिन्यातून वहिनीला फोन लावला. "भूक लागली त्याला," मी सांगितलं. "आता निवांत रहा." आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

सोमवारी दुपारी आम्ही चित्रण बघायला बसलो. मी आणि आमचा रेकॉर्डिंगवाला. टाळ्यांच्या बाबतीत आमची एक पद्धत आहे. टाळी कधी सगळ्यांची नसते. ती एकाची असते, बाकीचे तिला येऊन मिळतात. म्हणून आम्ही पहिली टाळी शोधतो. मागे जायचं, आवाज बंद करायचा आणि हात बघायचे. पहिले हात ज्याचे, त्याला तो प्रसंग खरा लागला. बाकीचे वऱ्हाडी.

रेकॉर्डिंगवाल्यानं गॅरेज लावलं. डाव्या पडद्यावर पोरगा हात जोडतोय. उजव्या पडद्यावर राखाडी उजेडात अठरा चेहरे.

"हा बघा," तो म्हणाला. "तिसरी रांग, मधला. कमाल आहे! गोळी सुटायच्या आधीच."

मी पाहिलं. दादाचे हात वर आले होते. पोरगा 'साहेब, ऐका ना' म्हणत होता आणि दादा टाळी वाजवत होता. दात दिसत होते. हसत नव्हता. माझ्या भावाचं असं तोंड मी आयुष्यात बघितलं नव्हतं, आणि पन्नास वर्षं मी त्याची बहीण आहे. लोक सिनेमात टाळी वाजवतात ती झाल्यावर वाजवतात. दादानं आधी वाजवली. राग ओसरल्याची टाळी नव्हती ती, सुरुवात करायची होती.

"दिग्दर्शकाला सांगतो, गोळी जरा अलीकडे घ्या," रेकॉर्डिंगवाला म्हणत होता. "पोराचं बोलणंच नको. प्रेक्षक तयार आहे."

मी पुढचं बघितलंच नाही. बाहेर येऊन वहिनीला फोन केला. ती बाजारातून नुकतीच घरी पोचत होती. "दादा आहे का बघ." चपलांचा आवाज, दाराचा आवाज. "नाहीत," ती म्हणाली. "बुटांचं कपाट बघ." कपाटाचं दार करकरलं. "पाना नाही," ती म्हणाली.

"वहिनी, समोरचं दार वाजव."

"माझी हिंमत नाही, ताई."

मी टॅक्सी केली. वाटेत सगळ्या देवांना नवस बोलून झाले आणि सगळ्या सिग्नलवाल्यांना शिव्या देऊन झाल्या. मनात एकच विचार. त्याला मी तिथं नेलं. अठरा जणांच्या टाळ्या मी त्याच्या पाठीशी उभ्या केल्या. घरात दोन वर्षं ज्याला कुणी 'बरोबर आहे तुझं' म्हणालं नव्हतं, त्याला मी फुकट पास देऊन ते ऐकवलं.

चौथ्या मजल्यावर वहिनी आपल्या दारात भिंतीला धरून उभी होती. समोरचं दार लोटलेलं होतं, आतून कडी नव्हती. मी ढकललं.

शेपटाची आई स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी, दोन्ही हात तोंडावर. शेपूट खुर्चीच्या कडेला बसलेला. किती वाळला होता! मनगटं पेन्सिलीसारखी, आणि हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले. त्याच्यासमोर स्टुलावर दादा. पाना मांडीवर, मूठ पान्यावर.

"दादा!"

"बस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मध्ये बोलू नकोस."

"दादा, तो सिनेमा होता रे. माझी चूक झाली. चल घरी."

"माहीत आहे सिनेमा होता." आता त्यानं माझ्याकडे पाहिलं. "टाळी वाजवली मी तिथं. पहिली. तू बघितलंस का?"

"बघितलं."

"मग पुढचंही बघितलंस का? मागून सगळ्यांनी वाजवली. शेजारचा तर एका हातानं मक्याच्या लाह्या खात मांडीवर थापा मारत होता. मला वाटलं, यांना काय माहीत ती कोण होती? नाव तरी माहीत आहे का? ते टाळ्या वाजवत होते म्हणून त्या पोराचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मी पुढं वाकलो, तरी नाही आलं. आणि नंतर तो साहेब म्हणतो, लिहिलेलंच नाही." त्यानं पाना एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "इथं तर लिहिलेलं आहे ना? हा होता ना तिथं? याच्याकडे माझ्या पोरीची शेवटची संध्याकाळ आहे. पोलिसांनी मला दोन ओळी दिल्या. मी मारायलाच आलोय, खोटं कशाला बोलू? पण आधी ऐकून घेतो." मग शेपटाकडे वळून म्हणाला, "हं. गच्चीवर गेलात. पुढं?"

शेपटानं आईकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"गच्चीवर गेलो, काका. आम्ही दोघांनी घेतल्या. मी आणल्या होत्या. ती म्हणाली, काही होत नाहीये. मी म्हटलं, थांब जरा. मग ती... मग ती तुमची गोष्ट सांगायला लागली."

"माझी?"

"तुम्ही एकदा तुमच्याच लिफ्टमध्ये अडकला होता ना? ती लहान होती तेव्हा. लिफ्टवाला लिफ्टमध्ये. ती बाहेर दाराशी बसून राहिली आणि तुम्हाला घाबरू नका, घाबरू नका म्हणत होती. आणि तुम्ही आतून तिला सांगत होता, कुणाला बोलावू नकोस, माझी इज्जत जाईल. ते तिनं करून दाखवलं. तुमच्या आवाजात." शेपटानं हनुवटी छातीला लावली आणि घशातून जाड आवाज काढला, "'बाळा, बाबांची इज्जत जाईल.' असं. आणि हसत सुटली. तिला हसताना श्वास पुरत नव्हता. मग म्हणाली, पाय गार पडलेत. मी माझ्या मांडीवर घेतले. मग ती झोपली. मला वाटलं झोपली." त्याचे हात गुडघ्यांमधून सुटले. "आणि मी पण झोपलो, काका. मी जागा राहायला पाहिजे होतं. मी झोपलो."

दादाच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मला वाटलं, आता. मी पुढं व्हायला हवं होतं, पण मी नुसती उभी राहिले. इतकी वर्षं माणसं मागून बघणारी बाई मी. समोरून बघायची वेळ आली आणि काही केल्या मला त्या तोंडावरचं काही वाचता येईना.

"पुन्हा सांग," दादा म्हणाला.

"काका..."

"लिफ्टपासून सांग."

शेपटानं पुन्हा सांगितलं. या वेळी जरा जास्त आठवलं. तिनं केसांना कुठली क्लिप लावली होती ते. गोष्ट सांगताना ती गच्चीच्या टाकीवर बोटांनी टकटक वाजवत होती, लिफ्टचं दार म्हणून. 'बाबांची इज्जत जाईल' आलं तेव्हा दादाच्या घशातून एक आवाज आला. तो हसला होता. दारात येऊन उभी राहिलेली वहिनी तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. शेपूट सांगत राहिला, ती हसत सुटली, श्वास पुरेना, मग ती म्हणाली की पाय...

दादानं हात वर केला.

"बास," तो म्हणाला. "आज इथपर्यंतच. पुढचं नको."

तो उठला. गुडघे धरून, म्हाताऱ्यासारखा. पाना काखेत मारून दाराशी जाऊन थांबला आणि शेपटाकडे पाठ करूनच म्हणाला, "उद्या याच वेळेला येतो मी. घरी थांब."